गाडीच्या पाठीवर सायकल

मागच्या वेळी गटाच्या गाडीबद्दल बोललो, तेव्हा बऱ्याच जणींनी निरोप पाठवला की गाडीचं कळलं, पण मागे सायकल कशी बांधता ते सांगा. सांगतो. पण ते सांगायचं तर आमची फजितीही सांगावी लागेल. सायकलीसाठी मागचं कॅरिअर आम्ही तीनदा निवडलं आणि दोनदा चुकलो.

ज्यांनी आमची गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. मारुतीची ईको, मालवाहू, जुनी घेतलेली. पुढे दोन सीट, मागे सगळा मोकळा हौदा. त्यात मसाले, चटण्या, पापड, शेवया घेऊन आमच्यातल्या दोघी पाच गावं फिरतात. एक गाडी चालवते, दुसरी हिशोब बघते. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाच्या रथयात्रेला आणि चैत्रात शिखर शिंगणापूरला स्टॉल लावतो, तेव्हा मुक्कामही गाडीतच. माल खाली उतरवला की हौद्यात सतरंजी टाकायची, मागचं दार वर उचलून त्याच्या सावलीत स्टोव्ह मांडायचा. शहरातल्या लोकांनी आता अशा राहण्याच्या गाड्यांना कँपर व्हॅन म्हणायला सुरुवात केली आहे. आमच्या काकू म्हणतात, तमाशाच्या फडाने आणि मेंढपाळांनी हे आधीच केलंय, फक्त नाव नव्हतं.

सायकल कशाला? तर आमच्याकडे गाव एका ठिकाणी नसतं. डांबरी रस्त्यावर थांबा, पुढे ओढा, मग बांधावरची वाट, आणि दीड-दोन किलोमीटरवर वस्ती. तिथे गाडी जात नाही. गाडी रस्त्याला लावायची, त्या गावची आमची एखादी सदस्य येते, ती आणि आमच्यातली एक अशा दोघी दोन सायकलींवर पिशव्या अडकवून वस्त्यांवर जातात. माल विकतात, बचतीचे पैसे घेतात, कुणाकडे मिरची किंवा कारळं असेल तर भाव ठरवून येतात. सायकली आत ठेवल्या तर माल मावत नाही. म्हणून मागे बांधायच्या.

पहिलं कॅरिअर आम्ही शहरातल्या दुकानातून आणलं. पट्ट्यांचं. लोखंडी चौकट मागच्या दाराला टेकते, वरून, खालून आणि बाजूंनी पट्टे असतात, त्यांचे आकडे दाराच्या कडांना अडकवायचे. चौकटीतून दोन हात बाहेर येतात, त्या हातांवर सायकलीची दांडी ठेवायची. दुकानदाराने पाच मिनिटांत लावून दाखवलं. त्याच्या दुकानातली सायकल वापरून दाखवलं, हे महत्त्वाचं. ती पुरुषांची सायकल होती. वर सरळ आडवी दांडी.

आमच्या सायकली लेडीज. दांडीच नाही! दोन तिरप्या नळ्या, त्या हातांवर ठेवल्या की सायकल घसरून एका बाजूला कलते, हँडल खाली लोंबतं. दुकानात हा प्रश्न आमच्यापैकी एकीलाही सुचला नाही. ज्या सायकलीवर आम्ही रोज बसतो, साडी सावरत चढता यावं म्हणून जी तशी बनवलेली असते, तीच आमच्या डोळ्यांसमोर आली नाही. अशा सायकलीसाठी हँडलच्या दांड्यापासून सीटच्या नळीपर्यंत लावायची एक वेगळी आडवी दांडी मिळते, हे पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा आम्ही सुतळी आणि नायलॉनची दोरी घेऊन जमेल तसं आवळलं आणि निघालो.

नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते. त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. घाट उतरताना एका गतिरोधकावर गाडी आदळली, खालचा एक आकडा सुटला आणि बाहेरची सायकल कललेली होती ती आणखी खाली आली. तिचं मागचं चाक रस्त्याला घासायला लागलं. आम्हाला पुढे काही कळलं नाही, कारण मागच्या काचेतून नुसत्या सायकलीच दिसत होत्या. मागून एक जोडपं मोटारसायकलवर येत होतं. बाईच्या मांडीवर तान्हं. त्या माणसाने गाडी साइडपट्टीवर उतरवली, पाय टेकले, पडला नाही. हॉर्न वाजवून आम्हाला थांबवलं. आम्ही उतरलो तर ती बाई थरथरत होती. ओरडली नाही, एवढंच म्हणाली, “बायांनो, माझ्या लेकराच्या अंगावर आली असती की ही सायकल.”

आम्ही काय बोलणार? हात जोडले. दोन्ही सायकली हौद्यात मालावर आडव्या टाकल्या, पापडाची दोन खोकी मोडली, आणि गपचूप घरी आलो.

त्या महिन्याच्या बैठकीत पैशांचा विषय निघाला. कॅरिअरचा खर्च गाडी दुरुस्तीत लिहावा असं आमच्यातल्या काहींचं मत होतं. म्हणजे वर्षअखेरीला कुणी विचारणार नाही. कोषाध्यक्ष मावशी सातवी शिकलेल्या. त्यांनी वहीत लिहिलं, ‘चुकीची खरेदी’. म्हणाल्या, दुरुस्ती लिहिलं तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच आणाल. आम्हाला राग आला होता तेव्हा. आणि पुढच्या वर्षापर्यंत थांबावंही लागलं नाही, दुसरी चूक दोन महिन्यांतच केली.

पट्टा सुटतो ना, मग सुटणारच नाही असं करू, असं ठरवून वेल्डिंगवाल्या दादांकडे गेलो. त्यांनी जाड पाइपांचं कॅरिअर बनवलं आणि मागच्या दाराला भोकं पाडून बोल्टने पक्कं बसवलं. खाली दोन पन्हळी, त्यात चाकं बसतात, त्यामुळे लेडीज सायकलही नीट उभी राहते. हा भाग त्यांनी फार चांगला केला होता. हलवून बघितलं, तसूभर हललं नाही. दादा म्हणाले, हत्ती बसवा. आम्ही खूश.

पण पक्कं असणं आणि योग्य असणं वेगळं. आमच्या गाडीचं मागचं दार वर उघडतं. त्याला दोन शॉकर असतात, ते दार धरून ठेवतात. ते फक्त दाराचं वजन धरायला बनवलेले. आता दारावर कॅरिअरचं ओझं. म्हसवडच्या यात्रेत पहाटे चहा करायला काकूंनी दार उचललं, ते क्षणभर थांबलं आणि खाली आलं. मनगटावर. हाड मोडलं नाही, पण दहा-बारा दिवस काकूंना भाकरी थापता आली नाही. आणि काकू भाकरी थापत नाहीत म्हणजे घरात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरं असं की गाडी चालवणारी सांगायला लागली, स्टिअरिंग हलकं लागतंय, वळणावर पुढचं चाक धरत नाही असं वाटतं. आम्ही म्हटलं तुझा भास. मग आमच्यातल्या एकीचे सासरे ओट्यावर बसून ऐकत होते, ते म्हणाले, “गाडी उलाळ झाली तुमची.” बैलगाडी ज्यांच्या घरी होती त्यांना हा शब्द माहीत आहे. मागे जास्त भरलं की जू वर उठतं आणि बैलांच्या मानेवर वजनच राहत नाही. मोटारीचंही तेच. फक्त जू दिसत नाही म्हणून कळत नाही.

मग आम्ही पिठाच्या गिरणीत जाऊन काटा केला. एक सायकल 19 किलो. दोन म्हणजे 38. आणि दादांचं ते हत्तीचं कॅरिअर 26 किलो. एकूण 64. आता बघा, मागच्या चाकाच्या मध्यापासून बांधलेल्या सायकलींच्या मध्यापर्यंत आम्ही टेप लावली, ते अंतर भरलं जवळपास सव्वातीन फूट. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पावणेआठ फूट. तराजूचा हिशोब. 64 ला सव्वातीनने गुणा, पावणेआठने भागा, उत्तर 27 च्या आसपास. म्हणजे पुढच्या चाकांवरून 27 किलो उचलले गेले, आणि मागच्या चाकांवर 64 नाही तर 91 किलो पडले. शिवाय हौद्यातला माल आहेच, तोही मागेच. खड्ड्यात आदळली की झटका आणखी मोठा. हा हिशोब आमच्यातल्या एकीच्या नववीतल्या मुलीने करून दिला, आम्ही नंतर दोनदा तपासला. बीए झालेल्या असलो तरी तरफेचा धडा विसरलो होतो, हे कबूल करतो.

तिसरं, नंबर प्लेट झाकली गेली होती आणि मागचे लाल दिवेही अर्धे. एका नाक्यावर पोलिसांनी अडवलं. दंड केला नाही, पण सांगितलं ते नीट सांगितलं. नंबर दिसलाच पाहिजे, दिवे दिसलेच पाहिजेत, आणि दाराला भोकं पाडून कायमचं काही जोडायचं असेल तर आधी आरटीओला विचारा, गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाही. मग त्यांनी हाताने दाखवलं की दोन्ही बाजूंनी चाकं गाडीच्या बाहेर येतात. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून गाडीच्या अंगाबाहेर, बाजूला किंवा मागेपुढे मर्यादेपलीकडे भार काढून नेला तर दंड 20,000 रुपये आहे. आमच्या गटाचा एका महिन्याचा नफा तेवढा नसतो.

हे बाजूला येणं आम्ही रोज बघत होतो आणि तरी बघत नव्हतो. टेप लावली. गाडीची रुंदी 4 फूट 10 इंच. लेडीज सायकलची लांबी 5 फूट 9 इंच. आडवी बांधली की जवळजवळ एक फूट जास्तीचं कुठेतरी बाहेर येणारच. अरुंद रस्त्यावर समोरून ऊसाचा ट्रॅक्टर आला किंवा बाजूने कुणी पोरगं सायकलवर गेलं, तर आमचं चाक त्याच्या खांद्याला लागणार.

मोबाइलवर ज्या गाड्या दिसतात, जर्मनीच्या, इटलीच्या, मागे सायकली लावून फिरणाऱ्या, त्या बघून आपल्याला वाटतं तसंच करू. पण फोक्सवॅगनची ती ट्रान्सपोर्टर गाडी सव्वासहा फूट रुंद असते. सायकल तिच्या पाठीमागे लपते. आणि तिकडेही नियम आहेतच. इटली-स्पेनमध्ये मागे सायकली बांधल्या तर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा 50 सेंटिमीटरचा चौकोनी फलक लावावा लागतो. नंबर झाकला गेला तर इंग्लंडात दुसरी नंबर प्लेट आणि दिव्यांची पट्टी सायकलींच्या मागे बांधतात. वस्तू त्यांच्या मापाची आहे. आपली गाडी अरुंद, आपली सायकल जड, हे आपणच मोजायचं.

मग पुन्हा बैठक. या वेळी सायकल, टेप आणि ताणकाटा घेऊन सगळ्या जणी गाडीमागे बसलो. खरेदी करणाऱ्या दोघीच नाही, सगळ्या. गाडीखाली हूक बसवून त्यावर ठेवायचं कॅरिअर मिळतं, त्याचाही विचार झाला. दारावर ओझं येत नाही हा त्याचा मोठा गुण. पण ते जड असतं, गाडीपासून आणखी लांब जातं म्हणजे उलाळ जास्त, आणि आमच्या ओढ्याच्या उतारावर खाली टेकलं असतं. शिवाय सायलेन्सरचा गरम धूर सरळ टायरवर. ते सोडलं. टपावर टाकण्याचं कुणी म्हणालं, तर 19 किलोची सायकल डोक्याच्या वर उचलायची कुणी? काकूंचं मनगट सगळ्यांना आठवलं.

तेवढ्यात मागे बसलेल्या एका आजीबाईंनी विचारलं, “ती दुसरी सायकल चालवते कोण?” आम्ही म्हटलं, त्या त्या गावची बाई. “मग ती सायकल तिच्या गावातच का राहत नाही? रोज कशाला फिरवता तिला?”

एकदम शांतता. मैत्रिणींनो, दोन कॅरिअरचे पैसे गेले, काकूंचं मनगट गेलं, आणि हा प्रश्न आम्हाला कुणालाच पडला नव्हता. आज दोन गावांत जुन्या सायकली घेऊन तिथल्या सदस्यांकडे ठेवल्या आहेत, बाकी तीन गावांत सदस्याच्या घरची सायकल वापरतो आणि त्याचं भाडं हिशोबात देतो. तिच्या पंक्चरचा खर्च गटाचा.

राहिली एक सायकल. एक मागे न्यायची तर गणित बदलतं. आम्ही पुन्हा पट्ट्यांचंच कॅरिअर घेतलं, पण खाली पन्हळ असलेलं, अॅल्युमिनियमचं, वजन 8 किलो. दुकानात आमची सायकल घेऊन गेलो. दुकानदार हसला, हसू दे. सायकलीचं पुढचं चाक पान्याने काढतो आणि हौद्यात ठेवतो. चाक काढलं की लांबी उरते 4 फूट 8 इंच, म्हणजे गाडीच्या रुंदीच्या आत. पुढच्या चिमट्याखाली सुताराकडून खाचेचा लाकडी ठोकळा करून घेतला, तो पन्हळीत बसतो. सायकल 17 किलो, कॅरिअर 8, एकूण 25. एकच सायकल असल्याने ती दाराच्या जवळ राहते. आता पुढच्या चाकांवरून साधारण 10 किलो कमी होतात, आणि जड माल आम्ही सीटच्या पाठीला लागून भरतो. गाडी चालवणारी म्हणते आता ठीक आहे. तिचा शब्द शेवटचा, हे आता ठरून गेलंय.

कॅरिअरवर किती किलो चालतील ते कंपनीने लिहिलेलं असतं, ते घेताना वाचून घ्या. आणि तुमच्या गाडीच्या दारावर ते अडकवायला जागा आहे का तेही बघा. प्लॅस्टिकच्या कडेला किंवा काचेला आकडा कधी लावू नका, पत्र्याच्या कडेलाच. आकड्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, म्हणजे रंग जात नाही आणि आकडा घसरत नाही. गाडीकडचं पायडल काचेला लागतं. ते वर करून ट्यूबच्या पट्टीने बांधा, किंवा काढून टाका. काढताना लक्षात ठेवा, डाव्या बाजूच्या पायडलचे आटे उलटे असतात, ते नेहमीच्या दिशेने फिरवलं तर सुटण्याऐवजी आणखी आवळतं. आमच्यातल्या एकीने त्यात पाना वाकवला आहे.

पट्टे आवळले की निघायचं आणि दोन-तीन किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळायचे. पहिल्या धक्क्यांत सगळं बसतं आणि थोडं सैल पडतंच. हे न चुकता. घाटाच्या तोंडाशी आणखी एकदा. पट्ट्यांची उरलेली टोकं गुंडाळून बांधा, नाहीतर फडफडून चाकात जातात. उन्हात ठेवलेले पट्टे विरतात, कापडाला कातरा पडलेला दिसला की तो पट्टा फेकून द्या, गाठ मारून वापरू नका. आणि कॅरिअरच्या दोन्ही टोकांना लाल चमकणारी पट्टी चिकटवा. गाडी लावून, दहा पावलं मागे जाऊन बघा, नंबर वाचता येतो का, दोन्ही दिवे दिसतात का. आमच्या गाडीत कॅरिअर एक इंच वर घ्यावं लागलं तेव्हा नंबर पूर्ण दिसला.

गैरसोय आहेच. सायकल मागे असताना मागचं दार उघडायचं नाही, असा आमचा नियम आहे. म्हणून पहिल्या गावात लागणारा माल बाजूच्या सरकत्या दाराजवळ ठेवतो. मुक्कामाला पोचलो की आधी सायकल उतरवायची, साखळीने गाडीच्या चाकाला बांधायची, मग कॅरिअर काढायचं, मग दार उघडून चहा. आम्हाला पाच-सहा मिनिटं लागतात. काकू आता दाराजवळ स्टोव्ह मांडत नाहीत. म्हणतात माझा भरवसा उडाला. त्यांच्यासाठी दाराखाली टेकवायला एक बांबूही कापून ठेवला आहे, तरी नाही.

दादांचं ते जड कॅरिअर आम्ही परत केलं नाही. दाराची भोकं बुजवून घेतली आणि ते कॅरिअर आता शेडमध्ये भिंतीला लावलंय, त्यावर मिरच्यांची पोती ठेवतो. खरंच हत्ती बसेल असं आहे. वहीत मात्र तेही ‘चुकीची खरेदी’ म्हणूनच आहे, मावशींनी बदलू दिलं नाही.

तुमच्या बाजारात आमची गाडी दिसली तर मागे या आणि पट्टे ओढून बघा. सैल वाटले तर आम्हाला तिथेच सांगा.